सर, हे वर्गात बोललं तर चालतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत एका अनुदानित कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्य, अकॅडमिक फ्रीडम हाच माझा अभ्यासाचा विषय. त्यामुळे नेट-सेटवाली मुलं, तासिकेवर शिकवणारे मित्र, कधी पालक, कधी कुठल्यातरी कॉलेजच्या प्रिन्सिपल मॅडम, सगळे तेच तेच विचारत असतात. प्रत्येकाला वेगळा व्हॉइस मेसेज पाठवण्यापेक्षा एकदाच लिहून टाकलं. हा वकिली सल्ला नाही. नोटीस हातात पडलीच असेल तर बाकी सगळं सोडा, थेट प्रश्न १५ वाचा आणि मग वकील गाठा.

१. अभिव्यक्ती स्वातंत्र्य आणि अकॅडमिक फ्रीडम एकच ना? दोन नावं कशाला?

एकच नाही, आणि निम्मे घोळ इथूनच सुरू होतात. विरार फास्टमध्ये उभ्याउभ्या तुम्ही पृथ्वी सपाट आहे म्हणून भांडलात तर तो नागरिक म्हणून तुमचा हक्क, लोक फार तर हसतील. पण भूगोलाचे सर म्हणून वर्गात तेच शिकवलंत तर डिपार्टमेंट जाब विचारणार, आणि विचारायलाच पाहिजे. अकॅडमिक फ्रीडम म्हणजे वाट्टेल ते बोलायची मुभा नाही. काय शिकवायचं, कशावर संशोधन करायचं, निष्कर्ष बरोबर की चूक हे त्या विषयातले जाणकार ठरवणार, मंत्री, ट्रस्टी, देणगीदार किंवा गेटवर जमलेला जमाव ठरवणार नाही, एवढा त्याचा अर्थ. म्हणजे एका बाजूने ते अभिव्यक्ती स्वातंत्र्यापेक्षा कडक, कारण तिथे तुमचं काम तपासलं जातं, आणि दुसऱ्या बाजूने जास्त, कारण एरवी पगार देणारा मालक नोकराला काय बोल ते सांगतो पण इथे त्याने सांगायचं नसतं.

२. संविधानात अकॅडमिक फ्रीडम कुठल्या कलमात आहे?

नावानिशी कुठेच नाही. जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्यात कलम ५(३) आहे, जपानच्या संविधानात कलम २३, दक्षिण आफ्रिकेत कलम १६ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिलंय. आपल्याकडे १९(१)(अ) चं अभिव्यक्ती स्वातंत्र्य, विद्यापीठाचा कायदा आणि यूजीसीचे नियम अशी जोडाजोड करावी लागते. यूजीसीच्या २०१८ च्या रेग्युलेशन्समध्ये शिक्षकांची आचारसंहिता आहे, तिच्यात परिषदा-चर्चासत्रांमध्ये भाग घेऊन ज्ञानात भर पडेल असं मोकळं मत मांडणं हे शिक्षकाचं कामच म्हणून सांगितलंय. हे वाक्य प्रिंट काढून ठेवा, कारण आचारसंहिता दाखवून गप्प बसवणाऱ्यांनी ती सहसा पूर्ण वाचलेली नसते.

३. १९(२) मधली बंधनं किती? ‘भावना दुखावल्या’ त्यात येतं का?

आठ. देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. परीक्षेला पाठ करताना हे लक्षात ठेवा की ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ मूळ संविधानात नव्हती, आणि ती आली त्याला आपलं मुंबईच कारण. इथून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या हद्दीत बंदी केली, संपादक रोमेश थापर सुप्रीम कोर्टात गेले, १९५० मध्ये जिंकले, आणि पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती आली.

‘भावना दुखावल्या’ हे कारण या आठात नाही. धार्मिक भावनांबद्दल जुन्या दंड संहितेचं २९५ए, आता भारतीय न्याय संहितेचं २९९, आहे, पण त्याला जाणूनबुजून आणि द्वेषाने केलेलं कृत्य असावं लागतं, नुसतं कोणाला वाईट वाटलं म्हणून ते लागत नाही. आणि ही आठाची यादी बंद आहे, तिच्यात नववं कारण घुसवता येत नाही, असं पाच न्यायाधीशांच्या पीठाने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

४. ६६ए अजून आहे का? फेसबुकवर लिहिलं तर पोलीस उचलतात ना?

६६ए म्हणजे ऑनलाइन मजकुरावरून अटक करायला वापरलं जाणारं आयटी कायद्याचं कलम, ते सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. ते प्रकरणही आपल्या दारातलं, नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद झाली तेव्हा पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्ट आणि लाईकवरून अटक झाली होती. बाकी कलमं आहेतच, ती प्रश्न ७ आणि १५ मध्ये.

५. हा सगळा अमेरिकन विषय आहे, इथे त्याचा काय उपयोग?

चर्चेची भाषा बरीचशी तिथली आहे हे खरं. १९०० साली स्टॅनफर्डमधून एडवर्ड रॉस या प्राध्यापकाला जावं लागलं कारण संस्थापकाच्या विधवेला त्यांची मतं पटत नव्हती. अशाच प्रकरणांमधून १९१५ मध्ये तिथल्या प्राध्यापकांची संघटना उभी राहिली आणि तिने पहिला जाहीरनामा काढला. हल्लीच्या राज्यशास्त्रज्ञांमध्ये कीथ व्हिटिंग्टन वाचा, ते बरीच वर्षं प्रिन्स्टनला राज्यशास्त्र शिकवायचे, आता येलच्या लॉ स्कूलमध्ये आहेत, आणि २०२१ मध्ये अकॅडमिक फ्रीडम अलायन्स सुरू झाली त्यात ते पुढे होते. मला त्यांच्यातलं आवडतं ते हे की डावा प्राध्यापक अडकला काय आणि उजवा अडकला काय, त्यांचा युक्तिवाद बदलत नाही. आपल्याकडे माणूस कुठल्या बाजूचा ते बघून मग निषेधाचं पत्रक काढायचं की नाही ते ठरतं, आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे.

पण इथलं म्हणून उदाहरण हवंच असेल तर र. धों. कर्वे आहेत. गिरगावात विल्सन कॉलेजला गणित शिकवायचे. संततिनियमनाबद्दल जाहीरपणे लिहू-बोलू लागले तेव्हा मिशनरी व्यवस्थापनाला ते खपेना आणि १९२० च्या दशकात त्यांना नोकरी सोडावी लागली. आता गणिताच्या वर्गात काही ते संततिनियमन शिकवत नव्हते, त्यांच्या शिकवण्याबद्दल तक्रार नव्हतीच, वर्गाबाहेर नागरिक म्हणून जे बोलले त्याची किंमत वर्गातल्या नोकरीने चुकवली. पुढे १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढलं, अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी हरले. हा अख्खा विषय शिकवायला मला अमेरिकेला जायची गरज पडत नाही, चर्नी रोडला उतरलं तरी पुरतं.

६. वर्गात माझं स्वतःचं राजकीय मत सांगितलं तर चालतं का?

टॉपिकशी संबंध असेल तर चालतं, माझ्या मते कधी कधी सांगावंच, कारण मुलांना ते तसंही कळलेलं असतं आणि लपवाछपवीने उलट संशय वाढतो. पण हे माझं मत आणि हे पुस्तकातलं असं वेगळं करून सांगा. अमेरिकन प्राध्यापकांचं १९४० चं निवेदन आहे त्यातही विषयाशी संबंध नसलेला वादग्रस्त मजकूर वर्गात आणू नका असंच म्हटलंय. खरी परीक्षा पेपर तपासताना होते. आरक्षणावर प्रश्न आहे, एका पोराने तुम्हाला अजिबात न पटणारी बाजू घेतलीय पण मंडल आयोग, इंद्रा साहनी खटला, ५० टक्क्यांची मर्यादा सगळं नीट मांडलंय, आणि दुसरीने तुमचंच मत तुमच्याच शब्दांत परत लिहिलंय, पुरावा शून्य. पहिल्याला जास्त मार्क देताना हात आखडत असेल तर मग मत वर्गात न सांगितलेलं बरं.

७. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस ठेवलं, पालकांच्या ग्रुपमध्ये गेलं, आता भीती वाटते. नोकरी जाईल का?

यावर अगदी आपल्या राज्यातला निकाल आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये कलम ३७० हटवलं त्याबद्दल ५ ऑगस्ट हा काळा दिवस असं स्टेटस ठेवलं, शिवाय १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. जुन्या दंड संहितेच्या १५३ए खाली, म्हणजे समाजगटांत द्वेष पसरवल्याचा, गुन्हा दाखल झाला, मुंबई हायकोर्टाने तो रद्द करायला नकार दिला, आणि सुप्रीम कोर्टाने ७ मार्च २०२४ ला रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करायचा, त्याचा निषेध करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि दुसऱ्या देशाच्या लोकांना शुभेच्छा देणं हा द्वेष पसरवणं नाही, असं कोर्टाने म्हटलं. बोलण्याचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेतून, जरा काही झालं की बिथरणाऱ्याच्या नजरेतून नाही. हा निकष मूळचा १९४० च्या दशकातल्या नागपूर हायकोर्टाचा, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांचा.

पण नीट बघा, हे सगळं झालं फौजदारी गुन्ह्याचं. गुन्हा नाही म्हणजे मॅनेजमेंट काही करू शकत नाही असं नाही, ते प्रश्न ८ आणि ९ वर अवलंबून. आणि व्यवहारातली गोष्ट म्हणजे पालकांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर जो नंबर आहे त्यावर स्टेटसची प्रायव्हसी सेटिंग एकदा बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

८. सरकारी कॉलेज, अनुदानित, विनाअनुदानित, सगळ्यांना सारखेच नियम का?

नाही. एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इस्माईल युसूफ ही सरकारी कॉलेजं. तिथला प्राध्यापक राज्य सरकारचा कर्मचारी, त्याला महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ लागतात, सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करणं तिथे अडचणीचं, आणि जुलै २०२५ मध्ये सोशल मीडियाबद्दल सरकारने वेगळ्या सूचनाही काढल्यात. अनुदानित कॉलेजातल्या माणसाचा पगार सरकारी तिजोरीतून येतो म्हणून तोही स्वतःला सरकारी नोकर समजून घाबरून असतो, पण त्याची नेमणूक संस्थेची असते, त्याला लागतो महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ आणि विद्यापीठाचे परिनियम. कोणी १९७९ चे नियम तुमच्या तोंडावर फेकले तर ‘हे मला कशाने लागू होतात ते लेखी द्या’ एवढंच शांतपणे विचारा. विनाअनुदानित, सेल्फ फायनान्स कोर्स, खासगी विद्यापीठ, तिथे बराचसा भार तुमच्या अपॉइंटमेंट लेटरवर, म्हणून सही करायच्या आधी वाचा, ‘संस्थेच्या प्रतिमेला बाधा’ असं मोघम कलम असतंच त्यात.

९. मी सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) आहे. मला कुठलं अकॅडमिक फ्रीडम?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि सगळ्यात कडू उत्तरही याचंच. कागदावर हक्क तोच आहे, १९(१)(अ) मध्ये पर्मनंट आणि तासिकेवाला असा भेद नाही. पण तासिका तत्त्वावरच्या माणसाला काढावं लागतच नाही. कायम माणसाला काढायचं तर नोटीस, चौकशी, ट्रिब्युनल, वर्षानुवर्षं जातात. तुम्हाला फक्त जूनमध्ये फोन येत नाही. तुम्ही केलात तर ‘या वर्षी वर्कलोड नाही हो सर’ असं गोड उत्तर मिळतं, त्याच्या मागे तुमचं ते गेल्या वर्षीचं सेक्युलॅरिझमवरचं लेक्चर होतं की खरंच वर्कलोड नव्हता हे सिद्ध करायला जगातला कुठलाही वकील पुरणार नाही. १९४० च्या त्याच अमेरिकन निवेदनात कायम नोकरीची मागणी आहे ती प्राध्यापकांच्या सोयीसाठी नव्हे, नोकरीची खात्री नसेल तर मोकळेपणाने शिकवता येत नाही म्हणून. युनेस्कोने १९९७ च्या शिफारशींतही टेन्युअरला, म्हणजे कायम नोकरीला, हेच महत्त्व दिलंय. त्यामुळे वर्षानुवर्षं भरती न करणं हा मला निव्वळ पैशांचा प्रश्न वाटत नाही, वर्गात काय बोललं जाईल याचा तो प्रश्न आहे, आणि अकॅडमिक फ्रीडमवरच्या सेमिनारमध्ये एसी हॉलमध्ये बसलेले आम्ही पर्मनंट लोक यावर सोयीस्कर गप्प असतो.

तरी जे हातात आहे ते करा. ऑर्डर लेखी घ्या, तोंडी ‘या उद्यापासून’ वर जाऊ नका. मस्टरवर रोज सही आणि शक्य असेल तर महिन्याला त्या पानाचा फोटो. लेसन प्लॅनमध्ये कुठला टॉपिक सिलॅबसच्या कुठल्या युनिटमधला ते लिहा, म्हणजे तक्रार आली तर तो विषय तुम्ही मनाने आणलेला नाही, अभ्यास मंडळाने घातलेला आहे, हे पहिल्या मिनिटात दाखवता येतं. डिपार्टमेंटमधल्या एका तरी पर्मनंट माणसाला तुम्ही काय शिकवताय ते माहीत असू द्या.

१०. सिलॅबस कोण ठरवतं? बाहेरच्या दबावाने पुस्तक काढता येतं का?

अभ्यास मंडळ ठरवतं, मग विद्या परिषद मंजूर करते. मुंबई विद्यापीठात २०१० मध्ये काय झालं ते आठवा. रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी बीएच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात होती, शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने विरोध केला, आणि कुलगुरूंनी आपले तातडीचे अधिकार वापरून ती काढली. वाद पुस्तक चांगलं की वाईट हा नव्हताच. अभ्यास मंडळ बदल करू शकतं, दरवर्षी करतंच. तातडी कसली होती, हा प्रश्न होता. पुस्तक काढलं की आधी अभ्यास मंडळाच्या बैठकीचे मिनिट्स मागवा, निर्णय मंडळाने घेतला की वरून आला ते तिथे कळतं.

११. बंदी कोर्टाने उठवली म्हणजे पुस्तकात लिहिलेलं बरोबर असं कोर्ट म्हणतं का?

अजिबात नाही. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाचं प्रकरण यासाठीच शिकवतो मी. राज्य सरकारने पुस्तक जप्त करायची अधिसूचना काढली, मुंबई हायकोर्टाने २००७ मध्ये ती रद्द केली, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये तो निकाल कायम ठेवला. कोर्टासमोर प्रश्न इतकाच होता की कोणत्या समाजगटांमध्ये वैर वाढतंय हे सरकारला दाखवता आलं का, ते आलं नाही. पुस्तकातली विधानं पुराव्यावर टिकतात की नाही हे इतिहासकारांनी ठरवायचं, आणि अनेकांनी त्यावर कडक टीका केलीच. पुस्तक भिकार आहे असं छापून म्हणणं हेही अकॅडमिक फ्रीडमच. जानेवारी २००४ मध्ये पुण्यात भांडारकर संस्थेत जी तोडफोड झाली ती मात्र कशातच बसत नाही.

१२. पाहुण्याला बोलावलंय आणि फोन येतायत, कार्यक्रम रद्द करा नाहीतर गोंधळ घालू. प्रिन्सिपल काय करू शकतात?

एस. रंगराजन खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय की निदर्शनं होतील, हिंसा होईल या धमकीने अभिव्यक्ती दाबता येत नाही, विरोधकांना आवरता येत नाही असं सरकारला म्हणता येत नाही. म्हणून आधी स्थानिक पोलीस स्टेशनला लेखी पत्र द्या, बंदोबस्त मागा आणि पोच घ्या. तरीही रद्द करायचाच झाला तर ‘तांत्रिक कारणास्तव’ लिहू नका, जे झालं ते लिहा. तांत्रिक कारण म्हणजे प्रोजेक्टर बिघडला.

१३. विद्यार्थ्यांना पण हे सगळं लागू होतं का?

बोलण्याचा हक्क पूर्ण, शिकवण्या-संशोधनाचा त्यांच्या पायरीप्रमाणे. पीएचडीच्या मुलाला आपला निष्कर्ष गाईडला आवडो न आवडो मांडता आला पाहिजे. संस्थेचं नाव वापरणं ही मात्र निसरडी जागा. टिसमधल्या (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या) एका पीएचडी विद्यार्थ्याला २०२४ मध्ये दोन वर्षं निलंबित केलं त्यात मोर्च्यात संस्थेच्या नावाचा बॅनर हाच मोठा मुद्दा होता, हायकोर्टाने संस्थेची बाजू घेतली, सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये निलंबन जेवढं भोगून झालं तेवढ्यावर आणलं आणि त्याला पीएचडी पूर्ण करू दिली. माझ्या मते दोन वर्षं फारच होती. तरी बॅनरवर कॉलेजचं नाव टाकायच्या आधी विचार करा.

१४. हे बारीकसारीक: नकाशा, कोर्टाच्या निकालावर टीका, इलेक्शन ड्युटी, सर्व्हे?

नकाशा: नेटवरून उचललेला भारताचा नकाशा पीपीटीत टाकू नका. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. आंतरराष्ट्रीय संबंध शिकवणाऱ्यांनो, परदेशी पुस्तकातला स्कॅन सर्वात धोक्याचा.

निकालावर टीका: बिनधास्त करा. अंतिम निकाल लागलेल्या खटल्यावर रास्त टीका हा अवमान नाही असं १९७१ च्या अवमान कायद्याच्या कलम ५ मध्येच आहे. निकाल चुकलाय म्हणा, न्यायाधीश विकला गेला म्हणू नका.

इलेक्शन ड्युटी: मतदान केंद्रावर नेमणूक झाली की लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२९ लागतं, कुठल्या उमेदवाराच्या फायद्याचं काही करायचं नाही, कोणाला मत द्या-देऊ नका सांगायचं नाही. इथे अकॅडमिक फ्रीडम वगैरे काढू नका, तेव्हा तुम्ही प्राध्यापक नसताच.

सर्व्हे: बूथबाहेर मत देऊन आलेल्यांना विचारून त्याच संध्याकाळी रील टाकायची कल्पना दर निवडणुकीला एखाद्या पोराला सुचतेच. त्याच कायद्याच्या १२६ए खाली ठरलेल्या वेळेत एक्झिट पोल घेऊन प्रसिद्ध करायला मनाई आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डेटा प्रोजेक्टसाठी निकालानंतर वापरा. हे लोकसभा-विधानसभेचं, महापालिकेसाठी राज्य निवडणूक आयोगाचे आदेश वेगळे बघा.

१५. मेमो आला किंवा पोलीस स्टेशनमधून फोन आला. पहिलं काय करू?

मेमो असेल तर त्या दिवशी उत्तर देऊ नका, रागात तर नाहीच. कुठला शब्द, कुठल्या दिवशी, कुठल्या लेक्चरला, कुठल्या नियमाचा भंग, हे मेमोत नसेल तर आधी तेच लेखी मागा. तक्रारीची प्रत मागा. क्लिप फिरत असेल तर पूर्ण रेकॉर्डिंग कोणाकडे आहे ते शोधा, आधीचं आणि पुढचं वाक्य कापून वीस सेकंद ठेवले तर कोणीही देशद्रोही दिसतो, आणि वर्गातली जी मुलं तुमच्या बाजूने बोलायला तयार आहेत त्यांच्यावर दबाव न टाकता त्यांना आपणहून लिहून देऊ दे. माफीनाम्याचा तयार मसुदा पुढे केला तर घरी घेऊन जातो म्हणा. अनुदानित किंवा संलग्न कॉलेजातून काढलंच तर २०१६ च्या कायद्याखाली विद्यापीठ आणि महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, मुदत फक्त ३० दिवसांची आहे, म्हणून ऑर्डर हातात पडल्याची तारीख, पाकीट, पोच, सगळं जपून ठेवा.

पोलिसांचा फोन असेल तर गुन्हा दाखल झालाय का आणि कुठल्या कलमाखाली, हे विचारा. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यात एफआयआरच्या आधी प्राथमिक चौकशीची सोय बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) १७३(३) मध्ये आहे, आणि ती अशा प्रकरणात वापरणंच योग्य असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०२५ मध्ये म्हटलंय. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सहसा आधी त्याच संहितेच्या ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस येते. नोटीस आली तर जा, पण वकिलाला घेऊन जा, आणि फोन अनलॉक करून द्या म्हणाले तर वकिलाशी बोलल्याशिवाय देऊ नका.